दुसरी बाटली

— तर काय सांगत होतो, हां, जावई. एल्मेर त्याचं नाव, माझ्या नेलिदाचा नवरा. जत्रेत बैलाची शिंगं धरून त्याला खाली बसवतो, सगळं गाव टाळ्या वाजवतं, आणि आज सकाळी या रक्तपेढीच्या दारात सुई दिसली तर म्हणतो कसा — मामा, ट्रकचं टायर बघून येतो. गेला तो गेलाच. टायर बघायला अर्धा दिवस लागतो होय हो ताई? तुम्ही तुमच्या माणसासाठी रक्त देऊन मोकळ्या झालात, आता तो कापूस दाबून धरा, सोडू नका. रस प्या सावकाश. मला काही घाई नाही.

पोरीची वार खाली आलीय. म्हणजे बाळ आत आणि वार दारात आडवी. आठवा सरला आणि बाजारात बटाटे निवडता निवडता घागरा रक्तानं भिजला. डॉक्टरीण म्हणते, गुरुवारी सिझर करू, त्याआधी पुन्हा रक्त गेलं तर तिथल्या तिथं पोट उघडू — पण आधी पेढीत दोन बाटल्या भरा, कुठल्याही गटाच्या चालतील, पेढी तिच्या गटाचं बदलून देते. ही डॉक्टरीण खाली राजधानीतली, लिमाची पोर, आमच्या डोंगरातल्या थंडीत ओठ निळे पडतात तिचे, दोन मफलर गुंडाळून मला शिकवते! आणि आपली माणसं तर तुम्हाला ठाऊकच आहेत — रक्त म्हणजे आईच्या पोटातून आणलेली शिदोरी, काढलं की उणं झालं, परत भरत नाही, असंच धरून चालतात. अडाणी सगळे! तो तेओदोसियो, नेलिदाच्या लग्नात मानाचा धर्मबाप म्हणून मिरवला, मेंढीच्या मुंडीचा रस्सा तीन वाट्या प्यायला — बँडमध्ये मोठा कर्णा वाजवतो तो — म्हणतो, रविवारी मिरवणूक आहे, रक्त दिलं तर फुंकायला दम कुठून आणू? अरे मेल्या, पोरीचा जीव जातोय आणि तुला कर्ण्याचं पडलंय!

एक बाटली भरली. कुणी भरली, विचारा. बासिलियानं. पोरीच्या सासूनं! ह्याच बाईनं परवा हट्ट धरला होता, पोरीला घोंगडीत घालू, चौघी चार कोपरे धरू, हलवू, म्हणजे सगळं जागच्या जागी जाईल. डॉक्टरीण ओरडली, हलवलंत तर इथंच वाहून जाईल ती. असली ही येडी बाई. तर तीच आत गेली, बाहेर आली, आणि माझ्याकडं न बघता मेंढ्यांकडं निघून गेली. न बघता हं. नाही, बघायचं काय होतं म्हणा माझ्याकडं?

काय? मी? मी कशाला — मी इथं माणसं जमवायला बसलोय. कुणीतरी बसायला नको? पासष्टपर्यंत घेतात, माहीत आहे मला, मी साठीचा, नर्सनं दोनदा विचारून झालंय. पण पेरणी तोंडावर आलीय, शेताचा तो चढ चढायचा कुणी? भीती म्हणाल तर अजिबात नाही. सुईची कसली आलीय भीती! — पण खरं सांगा, जाड असते का हो? अंग गार पडत जातं का? भिंतीकडं तोंड केलं तर रागावतात? बाटली डोळ्यासमोरच टांगतात का? हसू नका, मी आपला एल्मेरला सांगायला विचारतोय.

ही बघा नर्स आली परत. — हो, नेलिदाचाच. बाप. — आजच? गुरुवारी म्हणाला होतात ना? — केव्हापासून जातंय? शुद्धीत आहे का ती?

ताई, उठा जरा, वाट द्या. ह्या स्वेटरची बाही एक — वर जाईल तर शपथ. राहू दे, हात लावू नका, जमतंय मला. तुम्ही जा आता घरी, फार ऐकत बसलात. आणि एल्मेर आला तर काही सांगू नका त्याला. माझ्या जागेवर बसू दे.