घोट गिळा, मग बोला

नाही नाही, थुंकायचं नाही — गिळा. गिळा हो, जीव नाही जात. हां. आता लगेच बोलू नका, अजून मागून यायचाय तो, घशातून वर — आला? डोळ्यांत पाणी आलं ना, मग बरोबर जमलीय. कडू? अहो, कडू असणारच! हे बघा हॉप्स, एका वेलीची वाळलेली फुलं, चुरगळून वास घ्या — बिअरला कडूपणा यांचाच. लोक मूठभर टाकतात, मी पोत्यानं ओतलेत. उकळताना घातले, गार झाल्यावर परत घातले. बाहेर पाटीवर काय लिहिलंय? ‘प्रायोगिक’. मग प्रयोग कोणावर तरी करायला नको? तुम्ही दार ढकलून आत आलात, तुमचं नशीब. विकायला? छे, ही कोण घेणार विकत! ही आमच्या सासऱ्यांसाठी. हसताय काय — सूड नाही उगवत मी. म्हणजे, पहिल्यांदा उगवला होता, ते वेगळं.

त्याचं काय झालं — सासरे चहाच्या कंपनीत चव घ्यायला होते. नोकरीच ती. चमचाभर चहा फुर्रकन ओढायचा नि सांगायचं, पानं कोणत्या उतारावरची, खुडायला उशीर झाला की नाही. ती जीभ निवृत्त होऊन माझ्या स्वयंपाकघरात आली! आणि मला स्वयंपाक — आता तुमच्यापासून काय लपवायचं — येत नाही. घास तोंडात घालून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘सूनबाई, कांदा करपलाय. झाकण उशिरा काढलंस. मन दुसरीकडे होतं.’ मन दुसरीकडे! असायचंच हो, इथे बिअरच्या टाकीपाशी. मग त्यांना तो ताप आला. लांबला. उठले ते अगदी देवमाणूस होऊन. काहीही वाढा — ‘छान झालंय.’ करपलेलं, अळणी, कालचं — ‘छान झालंय, सूनबाई.’ मी तर हवेत! नवऱ्याला म्हटलं, बघ, हाताला चव आली माझ्या. तो बिचारा पाण्याबरोबर घास उतरवत होता, पण वडिलांपुढे बोलतोय कशाला.

वर्षभर चाललं हे. मग मी ही बिअर पहिल्यांदा केली. चाखायला बोलावलेली सगळी माणसं तोंडं वाकडी करून बसलेली. म्हटलं, थांबा, यांना देते — बघू आता कसं ‘छान’ म्हणतात! मुद्दाम मोठा ग्लास भरला. त्यांनी सवयीनं फुर्रकन ओढला — आणि थांबले. परत ओढला. मला वाटलं, ठसका लागला. तर म्हणाले, ‘कडू आहे.’ मग हळूच, ‘मागे संत्र्याची साल आहे... आहे ना गं?’ आणि ग्लास दोन्ही हातांत धरून रडायला लागले, सगळ्यांदेखत. तापानंतर कशाचीच चव नव्हती हो त्यांना! जन्मभर जिभेवर जगलेला माणूस, सांगणार कोणाला? माती चघळल्यासारखा जेवत होता आणि मला शाबासकी देत होता. दुसऱ्या दिवसापासून सुरू — मीठ कमी, कांदा कच्चा. नावं ठेवत ठेवत दोन घास जास्त खायचे. मी भांडी आपटायची, आणि नळाकडे तोंड करून हसायची. नवरा म्हणाला, बरं झालं, आता मी एकटा नाही.

तुम्ही संपवा तो ग्लास, आणि खरं सांगा — फार कडू आहे ना? मागच्या खेपेपेक्षा जास्त पाहिजे. का म्हणजे... तसं काही नाही. मागच्या महिन्यात एकदा जेवताना घास घेतला, माझ्याकडे बघून हसले, आणि म्हणाले, ‘छान झालंय.’ मीठच घातलं नव्हतं मी. विसरले होते, खरंच. तशीच उठले, हात धुतले, इथे आले, आणि ही टाकी लावली.

श्श! आले. तोंड सरळ करा तुमचं. या बाबा, या — हे पाहुणे, फार आवडली म्हणतात. घ्या. सावकाश... काय? मोठ्यानं बोला ना. घाण? कशी घाण? साबणाच्या पाण्यासारखी कडू? बाबा — परत एकदा म्हणा.

तुम्ही निघा आता. दुकान बंद. ऊन आहे बाहेर, दिसतंय मला — बंद म्हणजे बंद!