तुरीचे सदतीस दाणे

शालिकराम : गाठोडं कायले सोडतं वं इथं? डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर तूर सांडशील! साहेब, तुम्ही फक्त फिटची चिठ्ठी द्या जी. सोमवारी मले क्रेनवर चढायचं आहे.

डॉक्टर : तीन गोळ्या घेऊनही बीपी एकशे ऐंशी आहे, शालिकरामजी. चिठ्ठी कुठे पळत नाही. सुभद्राबाई, ही तूर कसली?

सुभद्रा : ह्यायच्या झोपेची आहे जी. घोरता घोरता ह्यायचा श्वास थांबते. छाती हालते, पोट हालते, पण नाकातोंडातून वारा नाई. मंग एकदम फुर्रकन आवाज, न् पुन्हा घोरणं सुरू. मी सांगतलं, तर म्हणे तुले भास होते. म्हणून दाणे टाकले.

शालिकराम : घ्या! गाढ झोपणाऱ्याची तक्रार! आमचे बापूजी घोरत तर शेजारी म्हणत, घरात मर्द आहे.

सुभद्रा : न् थे बापूजी बावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. थे नाई सांगत तुम्ही.

डॉक्टर : दाणे टाकले कसे?

सुभद्रा : रातपाळीहून आले की हे दिवसा झोपते. मले घड्याळ समजत नाई. कारखान्याचा बाराचा भोंगा झाला की वाटी घेऊन बसली, एकचा झाला की उठली. श्वास थांबला की मनात वीस आकडे म्हटले. वीस झाले तरी वारा नाई, तरच एक दाणा. आधी आला तर सोडून देल्ला.

डॉक्टर : सोडून का दिला?

सुभद्रा : नवऱ्याची खोटी तक्रार कायले करू जी?

डॉक्टर : पस्तीस, छत्तीस, सदतीस. एका तासात सदतीस! सुभद्राबाई, पंचवीस वर्षं मी रोग्यांना विचारतोय, झोप कशी लागते. ते म्हणतात, मस्त. मी पुढचा प्रश्न विचारतो. शेजारी जागणाऱ्या माणसाला मी कधी विचारलंच नाही.

शालिकराम : म्हणजे, हे खरंच आहे का जी?

डॉक्टर : ही कागदाची नळी घ्या, रसवंतीतली. पाण्यात बुडवा. झाली मऊ? आता ओढा जोरात.

शालिकराम : चिपकली.

डॉक्टर : अजून जोर लावा.

शालिकराम : अजूनच चिपकून राहिली.

डॉक्टर : झोपेत तुमचा गळा असाच सैल पडून मिटतो. छाती ओढते, पण हवा येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरून तुम्हाला जागं करतो, क्षणभरच, सकाळी आठवतही नाही. दर वेळी हृदयाला धडपडावं लागतं, रक्तदाब चढतो. तुमच्या गोळ्या पुरत नाहीत त्या बहुतेक यामुळेच. असंच चालू दिलं तर हृदय थकतं, त्याची लय बिघडू शकते, लकवाही मारू शकतो. आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो.

शालिकराम : मले नाई लागत.

सुभद्रा : त्र्याऐंशीच्या वर्ल्डकपच्या फायनलले सारा मोहल्ला रेडिओपाशी नाचून राहिला होता, न् हे रेडिओले टेकून घोरून राहिले होते!

शालिकराम : चूप बस ना वं. इलाज सांगा साहेब.

डॉक्टर : वजन उतरवायचं. संध्याकाळची दारू बंद. आणि उताणं झोपायचं नाही.

सुभद्रा : थे केलं जी. बनियनच्या पाठीले खिसा शिवला न् त्यात संत्रं ठेवलं. पाठीवर वळले की टोचलं पाहिजे.

शालिकराम : दुसऱ्या दिवशी त्याचा रस! सारं बनियन पिवळं!

सुभद्रा : मंग आमच्या लेकराचा, जयाचा लाकडी भोवरा ठेवला. त्या दिवशी बाराच दाणे पडले. ही दुसरी गाठ पहा.

डॉक्टर : हे कोणी शिकवलं तुम्हाला?

सुभद्रा : कोण शिकवते जी? उताणे झोपले की दाणे जास्त पडत. दिसलं, तर केलं.

डॉक्टर : दिसतं सगळ्यांनाच, बाई. बसून पाहत कोणी नाही. पण बाराही पुष्कळ आहेत. मोठ्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरांना दाखवा, मी लिहून देतो. परदेशात नाकातून हवेचा दाब देणारं यंत्र नुकतंच निघालंय, आपल्याकडे यायला वर्षं लागतील. तोवर क्रेन नाही, शालिकरामजी.

शालिकराम : एकोणीस वर्षं झाली मले वर बसून. आता खाली गोदामात नटबोल्ट देऊ? लोक हासतील साहेब.

सुभद्रा : हासू द्या. एका दिवशी विसाचे तीस झाले, तिसाचे चाळीस झाले, वारा आलाच नाई. हातातली वाटी टाकून तुम्हाले गदागदा हालवलं. त्या दिवशीचा हिशेब नाई ठेवला मी.

(शालिकराम हातातली ओली नळी उलगडतो.)

शालिकराम : मंगळवारी गर्डर उचलला होता साहेब. डोळा उघडला तं गर्डर गोविंदाच्या डोक्यावर. खाली उभा राहून इशारे देणारं पोरगं आहे थे. गर्डर तिथवर कसा गेला, मले आठवत नाई. कोणाले सांगतलं नाई. हिलेही नाई.

सुभद्रा : अरे माय!

शालिकराम : गोदामाचंच लिहा साहेब. न् सुभद्रे, त्या सदतीसमंधी मंगळवारचा एक दाणा अजून टाक. तो मी मोजला आहे.