नवशिक्यांचा वर्ग

(सिडनीतल्या एका शाळेबाहेर उभी केलेली गाडी. पेईवेन स्टिअरिंगपाशी, तिची अकरावीतली मुलगी रुओलान शेजारी. मागे पेईवेनचे वडील.)

पेईवेन: म्हणजे घेतलं ना तुला चिनीच्या नवशिक्यांच्या वर्गात?

रुओलान: घेतलं. गाडी सुरू करू नकोस एवढ्यात. मला मळमळतंय.

पेईवेन: सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून. घरी चल, कोबीचे डंपलिंग गरम करते. मॅडमनी काय काय विचारलं?

रुओलान: घरी चिनी कोण बोलतं, विचारलं.

पेईवेन: आणि तू?

रुओलान: कुणीच नाही म्हटलं. आई इंग्रजीत बोलते म्हटलं. आजोबांचं नावच काढलं नाही.

पेईवेन: शहाणी माझी बाय.

रुओलान: शहाणी म्हणू नकोस. मला माझीच किळस येतेय.

पेईवेन: एवढं काय झालं? शेजारच्या मेंगबाईंच्या मुलीनंही हेच केलं. आज ती फार्मसीला आहे. चिनी बोलणाऱ्या घरातल्या मुलांचा तो दुसरा वर्ग बघितलास? अर्धी पोरं शांघायला आठवीपर्यंत शिकून आलेली. त्यांच्यापुढं तुझा काय टिकाव लागणार? बोलतेस घडाघडा, पण हॉटेलचं मेनूकार्ड वाचताना अडखळतेस.

रुओलान: ते खरंय. म्हणूनच मला शिकायचं होतं. आता दोन वर्षं 'तुम्ही कसे आहात, मी बरा आहे' घोकत बसायचं आणि मध्येमध्ये मुद्दाम चुकायचं, कुणाला संशय नको म्हणून.

पेईवेन: दोन वर्षं निघून जातील. पुढं मार्कच विचारतात.

रुओलान: आई, मॅडम मला सोडायला बाहेर आल्या तेव्हा काय झालं, बघितलंस?

पेईवेन: मी गाडी वळवून आणत होते.

रुओलान: आजोबा वर्गाबाहेरच्या बाकावर बसले होते. मॅडमना वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. त्या चिनीत म्हणाल्या, काका, पाणी हवंय का? आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या तोंडाकडं बोट करून हात हलवला.

पेईवेन: म्हणजे?

रुओलान: म्हणजे मुका आहे म्हणून सांगितलं. आयुष्यभर हार्बिनच्या स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करणारा माणूस. आणि मी शेजारी उभी राहून मान खाली घातली. ओळखसुद्धा दाखवली नाही.

पेईवेन: बाबा, तुम्ही... मी नुसतं म्हटलं होतं, आत गेल्यावर फार बोलू नका.

आजोबा: तसंच केलं.

पेईवेन: वाईट वाटून घेऊ नका. पोरीच्या भल्यासाठीच ना.

आजोबा: मुकं व्हायला काही लागत नाही गं. दुसरंच ऐकवेना.

रुओलान: काय ऐकवेना, आजोबा?

आजोबा: दार उघडं होतं. मॅडमनी चिनी वाक्यं म्हणायला लावली, तेव्हाचं तुझं ते म्हणणं. वाकडं तोंड करून, प्रत्येक शब्द मुरडून. आमच्या बसस्टॉपवर पोरं असतात ना, मला बघून चिनी बोलण्याची नक्कल म्हणून चिंगचँग करत खिदळणारी, तसंच वाटलं. एकदा वाटलं, तीच पोरं आत आलीत.

रुओलान: मला दार उघडू दे, आई.

पेईवेन: उलटी येतेय का? पिशवी देते, थांब.

रुओलान: उलटी नाही. आत जातेय.

पेईवेन: वेड लागलंय का तुला? खोटं बोललीस म्हणून काढून टाकतील.

रुओलान: काढू देत. माझे आजोबा बाहेर गाडीत आहेत, ते बोलतात, आणि मीही बोलते, एवढंच सांगायचंय. मग ज्या वर्गात बसवायचं त्या वर्गात बसवू देत.

पेईवेन: आणि नापास झालीस तर? दहा वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासतेय, ते कशासाठी?

रुओलान: ते मला माहीत आहे, आई. पण ह्या घाणीत मला नको बसवूस.

पेईवेन: रुओलान, ऐक तरी. रुओलान.

आजोबा: गेली ती. दार लावून घे, वारा येतोय.

पेईवेन: तुम्ही थांबवायचं होतं तिला, बाबा. तुमचं ऐकते ती.

आजोबा: आज मुका आहे मी.

पेईवेन: असं बोलू नका. मला कुठं माहीत होतं तुम्हाला ते एवढं लागेल. मी फक्त तिला उच्चार बिघडवायला शिकवलं. महिनाभर, रोज जेवताना घोकून घेत होते.

आजोबा: माहीत आहे मला. मी तिथंच जेवत असायचो.