वडूजच्या उन्हात पाच युनिट

पाच! तुमाला सांगतो, निस्तं पाच युनिट... बसवनारा मानूस छातीवर हात ठिवून म्हनला हुता, काका, दिवसाला बारा कुठं गेलं न्हाईत, तेराबी पडतील, आन पडत्यात किती तर पाच, लय झालं तर साडेपाच. आवं, ही काय पाचगनी हाय का, सकाळी धुकं आन दुपारी ढग असायला? हितं पाऊस पडला तर लोक बाहीर यून बघत्यात, कोन पाव्हना आला म्हून. ऊन काय कमी हाय का वडूजला?

मी सयाजी हवालदार. फौजंच्या सिग्नलमधनं रिटायर. बावीस वर्सं तारा जोडल्यात, लडाखला बोटं वाकत नसायची तवाबी सेट चालू करून दिल्यात. त्यामुळं मला वाटलं, ह्येच्यात काय मोठं? सोलरची सहा पॅनेलं, एक वायर, एक इन्व्हर्टरचा डबा. एका टोकाला सुरू करायचं, दुसऱ्या टोकाला जायाचं, मधी कुठंतरी बिघाड सापडतोच.

आन जीव एवढा का खाली-वर, तर आमचा उदय. येकुलता. बेंगलोरला कंपूटरमधी हाय. मागं मे म्हयन्यात बायकू आन नातवाला घेऊन आला, दोन दिस ऱ्हायला, आन सूनबाई राजनंदिनी म्हनली, हितं एसीबिगर पोराला झोप लागत न्हाई. झालं! मी म्हनलं, एसी बसवू, वर मजला काढू, पर तुमी या. आमा म्हातारा-म्हातारीला काय, एक पंखा आन दोन बल्ब. ही सहा पॅनेलं त्येंच्यासाठी.

पॅनेलं बसली आन उदयचा फोन सुरू झाला. त्येच्या मोबाईलवर दिसतं म्हनं, आमच्या स्लॅबवर आज किती लाईट झाली ते. बेंगलोरात बसून! आदी म्हयन्यातनं एक फोन, त्योबी 'बरं हाय ना, ठेवतो' एवढाच. आता रोज सांजचं सातला. आप्पा, आजपन पाचच? आप्पा, धुतलं का? आप्पा, वायर बघितली का? त्येची मराठी बेंगलोरला जाऊन पुस्तकावानी झालीया, पर इचारायचा मातूर बारकाईनं. मधीच आमची रंगूबाई फोन वढून घ्यायची, जेवला का, पोरगं जेवलं का... अर्धा-अर्धा तास चालायचं.

तर पयल्यांदा धूळ. म्हनलं, खटाव तालुक्याची धूळ हाय, ती काय कुनाला सोडती का? रोज सकाळच्या पारी बोअरच्या पान्यानं पॅनेलं धुवायला लागलो. आठ दिसात काचंवर पांढरं खवलं धरलं. आमच्या बोअरचं पानी म्हंजी निम्मं मीठच. ते खरवडतोय तवर खाली कुंकू लागलं... व्हय, कुंकू! खंडेनवमीला आमच्यात विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, समद्यांची पूजा, मग पॅनेलांनी काय घोडं मारलंय? रंगूबाईनं सहाच्या सहा काचांवर स्वस्तिक काढल्यालं, आन पुसू नये म्हून कुंकू ऑईलपेंटात कालवून! दोन दिस घासत बसलो. मिळालं काय? पाचाचं साडेपाच. ऊन काय कमी हाय का वडूजला? मग जातंय कुठं?

मग जळाल्याल्या मोटारी भरून देनारा कोंडीबा आला. इन्व्हर्टरला कान लावून डोळं झाकलं. हवालदार, म्हनला, ह्यो आतनं कन्हतोय. आन डबा सोडवून घेऊन गेला, चार दिस. त्या चार दिसांत युनिट शून्य, आन उदयचा फोन दिवसातनं तीनदा. डबा परत आला तवा कोंडीबा म्हनला, ह्येला काय झालंच न्हाई. मग कन्हत कोन हुतं?

शेवटी सांगलीस्नं इंजिनियर बोलावलं. पुष्करराव म्हून, लय सौम्य मानूस, पायऱ्या चढतानाबी 'येऊ का' म्हननारं. वर आलं, पिशवीतला एक पाना काढला न्हाई. निस्तं उभं ऱ्हाऊन दक्षिनंला बघितलं आन म्हनलं, काका, हे खांब.

आता कालमाचं सांगायला पायजे. घर बांधतानाच दक्षिन अंगाला चार कालम वर काढून ठिवल्यात, पुरुषभर उंच, वर सळ्या, सळ्या गंजू नयेत म्हून त्येंच्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या पालथ्या. उदयच्या मजल्याचं कालम. आमच्या आळीत समद्यांच्याच स्लॅबवर हायत. पोरगं नोकरीला बाहीर गेलं की बापानं कालम सोडून ठिवायचं, रीतच हाय. पोरगं येनार, वर घर बांधनार. कुनाचं पंधरा वर्सं उभं हायत, कुनाचं वीस.

पुष्कररावांनी समजावलं, सावली एखाद्या-दुसऱ्या पॅनेलवरच पडते, पण सगळी एका माळेत जोडलेली आहेत, एक मंदावलं की सगळी मंदावतात. मला लगीच कळलं. रूटमार्चला एक गडी लंगडायला लागला की सारी पलटन त्येच्या पायानं चालती. मी म्हनलं, कळलं सायब. कालम सोडून बोला.

खरं सांगू का? मला पयल्या दिवसापास्नं म्हाईत हुतं. बसवनाराबी तेच बोलला हुता, काका, आदी खांब उतरवा. मी म्हनलं हुतं, हात लावायचा न्हाई. बाकी समदं केलं... धुतलं, घासलं, डबा सोडवला. फकस्त दक्षिनंला बघितलं न्हाई.

पुष्करराव गेलं आन सांजचं उदयचा फोन आला. स्पीकरवर टाकला. मनात म्हनलं, पोरगं आता म्हनंल, आप्पा, कालमाला हात लावू नका, लाईट गेली खड्ड्यात.

त्यो म्हनला, "मग कापून टाका की, आप्पा."

मी म्हनलं, "आरं, आन मजला?"

"आप्पा, आम्ही इथंच फ्लॅट घेतलाय. सांगायचं राहूनच गेलं."

त्या दिशी रंगूबाईनं जेवला का ते इचारलं न्हाई. मला वाईट वाटलं, लय वाईट वाटलं, आन मी म्हनलं, बरं झालं, भाडं सुटलं तुझं.

कालम कापायला दोन दिस लागलं. मशीनचा आवाज असा, की आळीतली समदी बाहीर आली. आपापल्या स्लॅबकडं बघून आत गेली. रंगूबाईनं बाटल्या पोत्यात भरून ठिवल्या. आन दुसऱ्या दिशी किती युनिट? तेरा! ऊन तेच, पॅनेलं तीच. मी म्हनलं, आता पोरगं खूश हुईल. सातला फोनापाशी बसलो. आठ वाजलं. मीच लावला. म्हनला, हो आप्पा, बघितलं मी इथं, एकदम ओके आहे, आता काळजी नको. आन ठिवला.

दुसऱ्या दिशी न्हाई. तिसऱ्या दिशी न्हाई. तेरा, तेरा, साडेतेरा... म्हयना गेला. समदं बराबर चालल्याव कोन कशाला इचारील, सांगा. ऊन काय कमी हाय का वडूजला? पर त्या उन्हाचं करायचं काय आमी? दोन बल्ब आन एक पंखा.

मग एप्रिलात रंगूबाईनं कुरड्या घातल्या. दरसाली बाजेवर घालती. औंदा नऊवारी लुगडं घेऊन वर गेली आन सहाच्या सहा पॅनेलांवर ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर पसरलं, वर कुरड्या. मी खालनं वरडतोय, आगं, युनिट कमी हुतील! तिनं ऐकलंच न्हाई. म्हंजी ऐकलं हुतं.

सांजचं सातला फोन वाजला.

"आप्पा, आज तीनच युनिट? काय झालं?"

मी सांगायला तोंड उघडलं. रंगूबाई चुलीपाशी हुती. तिनं निस्ती मान हालवली, न्हाई म्हून. मी म्हनलं, "बघतो रं. बिघाड दिसतोय कायतरी." मग त्यो इचारत ऱ्हायला, वायर बघा, डबा बघा, मी व्हय व्हय करत ऱ्हायलो. पुना तिनं फोन घेतला, जेवला का, पोरगं जेवलं का, पोराचा दात पडला का. बराच येळ बोलली.

दुसऱ्या दिशी सांडगं. तिसऱ्या दिशी पापड. पुना गहू भिजवलं. पुष्कररावांचा निरोप आला, काका, उत्पादन परत पडलंय म्हणे, येऊन जाऊ का? मीच म्हनलं, नका येऊ, लांब पडतं तुमाला.

आता पाऊस तोंडावर आलाय, तरी तिची वाळवनं काय सपंनात. सतरा किलो कुरड्या झाल्यात घरात. खानारी आमी दोघं, त्यात माझं वरचं दात न्हाईत. तर तुमी आल्यासारखं, जाताना पिशवीत घालून न्या वाईच.