हौदातला मोरचूद

रोमा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेरिडा आपलं म्हातारं कुत्रं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर गायी पाळणारा लेस आणि त्याची मुलगी ब्रॉनी रिपोर्टची वाट पाहत होते; त्यांचं बोलणं तिला ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"लेस, मेलेल्या तिन्ही गायींच्या लिव्हरमध्ये तांबं साचलंय. भरमसाट."

"अंगात तांबं कमी पडू नये म्हणून त्याचं इंजेक्शन मीच दिलं, डॉक्टर. पण वजनाप्रमाणे, मोजून."

"तेवढ्याने एवढं साचत नाही, ब्रॉनी. आणखी कुठून तरी पोटात गेलंय."

"दुसरं काहीच देत नाही आम्ही. हो ना, बाबा?"

"गायींच्या पाण्याच्या हौदात मोरचूद टाकतो मी. म्हणजे तांबंच ते."

"कधीपासून?"

"तुझी आई गेल्यापासून. आधी ती टाकायची. शेवाळ धरत नाही."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू तरी इंजेक्शनाचं कुठे विचारलंस? सगळं त्या कॉम्प्युटरला विचारतेस."

"भांडण घरी करा. उरलेल्या चाळीस गायी जागेवरून हलवू नका. हाकू नका, मागे कुत्रं सोडू नका. लिव्हर तांबं धरून ठेवतं, पण जनावर घाबरलं, दमलं की ते एकदम रक्तात उतरतं आणि जनावर मरतं."

लेसने डोक्यावरची टोपी काढली.

"बाबा?"

"मला वाटलं, कुरणात काही विषारी उगवलंय. आज सकाळी सातला चाळीसही ट्रकात चढवल्या. तुझ्या आत्याकडे. वाचाव्यात म्हणून."

"केवढा रस्ता आहे?"

"पाच तासांचा, डॉक्टर. आता अर्ध्या वाटेत असतील."

ब्रॉनीने ट्रकवाल्याला लावलेला फोन कानाला धरला होता.

"उचललाय त्याने. काय सांगू, डॉक्टर? थांब म्हणू, की जात राहा म्हणू?"