कर न घेणाऱ्या देशाकडं

सन्माननीय अध्यक्ष राघोशेठ, व्यासपीठावरचे आजचे पाहुणे कॉलेजचे मास्तर, निजामपुऱ्यातले लूमवाले, कारीगर बंधू, मागं उभ्या राहिलेल्या आयाबाया, आणि हार घालून लाजत बसलेला आमचा चांगदेव, सगळ्यांना रामराम. मी त्याचा बाप. दोन बुकं शिकलोय, तवा भाषण छोटं. शाल, नारळ, माईक, एवढं कशाला? पोरगा कुवेतला चाललाय, लढाईवर न्हाय. आणि शाल कसली देता, तिकडं उन्हानं दगड तापतात.

पाहुण्यांनी मघाशी दोन देशांचा हिशेब छान मांडला. आपल्या सरकारची तिजोरी मालावरच्या करानं भरते, कुवेतची तेलानं. मालावरचा कर तिकडं नावापुरता. टाळ्या पडल्या. मास्तर, तुमचं खोटं न्हाय. सुताला एक्साइज, नाक्यावर जकात, काडीपेटीला पण कर. हाच हिशेब चांगदेव मला वरीसभर ऐकवतोय.

"बाबा, तिकडं सरकार कुणाच्या खिशात हात घालत न्हाय."

"मग खातं काय?"

"तेल विकून खातं."

"आणि आपलं?"

"आपलं आपल्यालाच विकून खातं!"

हसा, हसा. मी पण हसलो होतो.

मग मी बोललो, अरे, नाक्यावरच्या साहेबाला मी तोंडावर सांगतो, तुझ्या चहात माझ्या सुताचा पैसा हाय, नीट बोल. तिकडं तू कुणाला सांगणार? ज्या सरकारला तुझा पैसा नको, त्याला तुझं ऐकायचं काय पडलंय? तर हा बोलतो, "तुम्ही एवढी वर्षं सांगताय, गल्लीतलं गटार हललं का?"

काय उत्तर द्यायचं, अध्यक्ष महाराज? तुमच्याकडं हाय?   तिकडं घेत न्हायत म्हणून ऐकणार न्हायत, इकडं घेऊन ऐकत न्हायत. माणसानं जायचं कुठं?

असो. त्याची आई सीताबाई त्या खांबापाशी बसलीय. तिला यानं सांगितलंय, दोनच वर्षं, मग येऊन लूम सांभाळतो. त्या भरवशावर ती काल लाडू वळत होती.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपला तरी ताणा पुरा काढत न्हायत. जुन्या सुताची टोकं राचेत, म्हणजे धागे ओवायच्या चौकटीत, तशीच ठेवतात. नवा बीम आला की टोकाला टोक गाठ मारायची, लूम चालू. टोकं कापतात कधी? लूम मोडीत काढायचा असला तर.

आज सकाळी आमचा बीम संपला. शेवटची शिफ्ट चांगदेवनंच केली. दुपारी मी कुलूप लावायला गेलो, तर राच मोकळी. एक धागा न्हाय. खाली झाडून पण घेतलेलं.

हे मी सीताबाईला घरी बोललो न्हाय. घरी आम्ही दोघंच. इथं तिला धरायला बाया हायत.

चांगदेव, मान वर कर. मी रागावलो न्हाय. तुझ्या वयात मी पण टोकं कापली असती. फक्त आईला खोटी तारीख द्यायची न्हाय.

मंडळानं खुर्च्या मांडल्या, राघोशेठनी हॉल दिला, मास्तर वाट वाकडी करून आले, तुमचे उपकार हायत. वाकडं-तिकडं बोललो असेन तर अडाण्याचं म्हणून पोटात घाला. चहा निवतोय, उठा. आणि कुणाला लूम घ्यायचा असेल त्यानं उद्या यावं. आज पोरगा घरी जेवणार हाय.