खाली म्हणजे नक्की कुठे

एकवीस जानेवारी, बुधवार, आभाळ निरभ्र, वारा बोचरा... हे माझ्या रोजनिशीत लिहिलेलं आहे म्हणून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस पदरचं घालतो. तर त्या सकाळी मी चांगलं कडकडीत पाणी घेऊन अंघोळीला बसलो आणि साबण लावता लावता हाताला लागली गाठ. कुठे? खाली. म्हणजे... तुम्ही जाणती माणसं आहात, समजून घ्या. दोन असतात, त्यातल्या डावीला, मागच्या अंगाने, वरून खाली उतरलेली, मऊ, जरा गुंडाळीसारखी. अठ्ठेचाळीस वर्षं हा देह मी वापरतोय आणि तिथे असं काही आहे याचा मला पत्ताच नाही. आता ती कालच आली, की आधीपासून मुक्कामाला होती? माणसाला कळायचं कसं?

फ्रिजचं बघा. माझा धंदाच तो, फ्रिजदुरुस्तीचा. नवा फ्रिज आला की बरोबर पुस्तक येतं. मागची जाळी कुठे, थर्मोस्टॅट कुठे, कुठला आवाज आला तर घाबरायचं नाही आणि कुठला आला तर मला बोलवायचं, सगळं चित्रांसकट. माणसाबरोबर काय येतं? नाळ. तीही कापून टाकतात.

बाहेर आलो, बायको आरशापुढे वेणी घालत होती. म्हटलं, "अगं, गाठ आहे."

आरशातूनच म्हणाली, "कोणाशी?"

"कोणाशी नाही, मला आहे."

"तेच विचारतेय. कोणाशी गाठ ठरवलीत? अकराला आपल्याला बँकेत जायचंय, विसरलात ना?"

तिचंही बरोबर आहे, मी दिवसभर याची गाठ घ्यायचीय, त्याची गाठ पडली, असंच बोलत असतो. मग मी तोंडाने न बोलता बोट दाखवलं. तिचा हात वेणीतच थांबला. तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षांच्या संसारात ही बाई गप्प बसलेली मी दोनदा पाहिली, एकदा तिच्या वडिलांच्या गळ्याला गाठ निघाली तेव्हा आणि एकदा ते गेले तेव्हा. मध्ये पाच महिने होते. ती उठली, बँकेचे कागद कपाटात परत ठेवले आणि म्हणाली, "चपला घाला." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला... म्हणजे आता वरही काहीतरी आणि खालीही काहीतरी.

तर दवाखान्यात. बायको, मी आणि मेव्हणा. मेव्हणा माझ्याच दुकानात गॅस भरतो. दुकानाची किल्ली द्यायला गेलो, तर शटर ओढून स्वतःच रिक्षात बसला. वाटेत त्याची एकेक शंका. "दाजी, घट्ट चड्डी घालता का? दाजी, मोबाईल खिशात ठेवता ना, कुठल्या बाजूला? दाजी, लहानपणी क्रिकेटचा चेंडू बसला होता का?" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे असा बघतोय की हा माणूस उतरेपर्यंत टिकेल का.

काउंटरवर एक मुलगी. समोर दहा-बारा माणसं बसलेली, सगळ्यांना दुखणं आहे पण कानांना कोणाच्याच काही झालेलं नाही.

"काय तक्रार आहे?"

"गाठ आहे."

"कुठे?"

आता इथे खरी पंचाईत. मला सांगा, त्या जागेला आपल्या भाषेत शब्द कुठला? एक आहे तो शिवीत चालतो. एक लहान मुलाला अंघोळ घालताना चालतो. भल्या माणसाने, चारचौघांत, काउंटरवर उभं राहून वापरायचा, असा शब्द कुठे मिळतो? माणसाला कळायचं कसं?

मी म्हटलं, "खाली."

"पायाला?"

"त्याच्या वर."

"गुडघ्याला?"

"अजून वर."

"पोटाला?"

"एवढं वर नाही."

मागून मेव्हणा म्हणाला, "दाजी, मधलं सांगा, मधलं." एक आजोबा पेपर खाली करून बघायला लागले. त्या मुलीने मान डोलावली, म्हणाली, "कळलं, काका," आणि लिहून घेतलं. मलाही वाटलं, कळलं बाई एकदाचं.

आत डॉक्टर. पन्नाशीचे, शांत. म्हणाले, "झोपा, पँट जरा खाली करा," आणि लागले की माझी मांडी दाबायला. डावी दाबली, उजवी दाबली, गुडघ्यापर्यंत जाऊन आले. "इथे काही नाही." मी म्हटलं, "तिथे नाहीच आहे." "मग मांडीची गाठ असं का लिहिलंय?" म्हणजे त्या मुलीने पोट आणि गुडघा यांची सरासरी काढली होती.

मग डॉक्टर मुक्कामावर आले. पण खोलीत एसी. जानेवारी महिना, बाहेर बोचरा वारा आणि आत एसी... माझंच खातं असल्यामुळे मी बघितलं, अठरावर लावलेला. आणि तुम्हाला सांगतो, सकाळी गरम पाण्यात जे ऐसपैस लोंबत होतं ते सगळं आक्रसून, सुरकुतून, वर जाऊन दडून बसलं. डॉक्टर म्हणाले, "थांबू या जरा." आम्ही दोघे थांबलो. कशाची वाट बघतोय हे दोघांनाही माहीत, म्हणून बोलायचं काय? मी फ्रिजवाला हे कळल्यावर ते म्हणाले, "फ्रिजला बर्फ फार धरतो हो आमच्या." मी पडल्या पडल्या सांगितलं, "दाराचं रबर बदला."

एसी बंद केल्यावर मंडळी खाली आली. डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं, एकदा, दोनदा, आणि म्हणाले, "ही वृषणाची नळी."

वृषण म्हटल्यावर मला वाटलं आता राशिभविष्य सांगतात. तर नाही, वृषण म्हणजे तेच, ज्याला शब्द नव्हता ते. शब्द आहे, पण पुस्तकात ठेवलाय, वापरायला काढत नाहीत.

म्हणाले, "शुक्राणू इथे तयार होतात. त्यांना शरीरातली उष्णता सोसत नाही, दोन-तीन अंश कमी लागते, म्हणून पिशवी बाहेर. गारठलं की स्नायू तिला वर ओढून घेतो, उकडलं की सैल सोडतो."

हे मला पटकन समजलं. थर्मोस्टॅट. पण पुढे ऐका. तयार झालेला शुक्राणू म्हणे कच्चा असतो, त्याला पोहता येत नाही. तो मागच्या नळीत जाऊन पिकतो. ती नळी गुंडाळून ठेवलेली, उलगडली तर वीस फूट. वीस फूट! आमच्या फ्रिजच्या मागे एवढी जाळी मोकळी टांगलेली असते, आणि इथे बोटाच्या दोन पेरांत कोंबलेली. तीच मला लागली होती.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे वर, पोटात. मूत्राशयाला वळसा घालून मागून खाली, प्रोस्टेट ग्रंथीतून आत, आणि मग लघवीच्याच वाटेने बाहेर."

मी उठूनच बसलो. म्हटलं, "डॉक्टर, माल तयार होतो तळमजल्यावर, दार आहे बोटभर अंतरावर, आणि तो आधी जिना चढून वर कशाला जातो? आणि दोन लाइनी एकाच नळाला? असं पाइपिंग मी करून दिलं तर गिऱ्हाईक मला दारात उभं करणार नाही."

"आत झडप आहे. एक चालू असताना दुसरी बंद होते."

"बरं. मग ही गुंडाळी डावीकडेच का?"

डॉक्टर म्हणाले, "उजवीकडे बघितलंत?"

...नव्हतं बघितलं. घाबरलेला माणूस गाठ सापडली की थांबतो हो, पलीकडे कोण जातं? हात घातला. होती. तशीच, तिथेच.

खात्रीसाठी सोनोग्राफी केली, तीही स्वच्छ. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, "गाठ नाही. नळी आहे. सगळ्यांना असते." ती बाकावर खाली बसली. डोळे पुसले, पदराने नाक पुसलं, आणि मग दहा-बारा माणसांसमोर म्हणाली, "स्वतःचंच सामान, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत एकदा नीट बघता आलं नाही?" पण माणसाला कळायचं कसं?

तेवढ्यात मेव्हणा बाथरूममधून आला. चेहरा पांढरा. माझा दंड धरून कोपऱ्यात नेलं आणि कानात म्हणाला, "दाजी, तुम्हाला एकच होती ना? मला दोन आहेत."

मी त्याला सगळं समजावलं. वीस फूट, थर्मोस्टॅट, तळमजला, झडप. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही फ्रिजवाले. मी डॉक्टरांकडूनच ऐकतो."

माझा रिपोर्ट नॉर्मल. मेव्हण्याला शुक्रवारी साडेअकराची वेळ मिळाली, तक्रार: मांडीला दोन गाठी.